दिवा विझला की हात घाल

पिवळा दिवा विझला, तेव्हा कुठे वायरमनकाकांचा जीव भांड्यात पडला.

जावयाच्या त्या बसक्या, दोनच माणसांच्या गाडीत ते कमरेपर्यंत शिरले होते. गुडघे फूटपाथवर, एक हात नातीच्या खुर्चीवर आणि दुसऱ्या हातात टेस्टर. नात गाडीच्या पाठीकडे तोंड करून खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली होती आणि आजोबांचा कान हाताला लागतो का ते बघत होती. दुधाची बाटली वरच राहिली म्हणून जावई ती आणायला गेला होता. पोरीला उकडू नये म्हणून चावी तशीच फिरवून, पंखा चालू ठेवून गेला होता. त्यामुळे समोरच्या काळ्या पट्टीवर तो दिवा जळताना काकांना दिसला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, पण चष्मा वर टीव्हीपाशी होता. दाराच्या बाजूला चावीने फिरवायची एक खाच होती. काकांनी टेस्टरचं चपटं टोक तिच्यात घातलं आणि अलगद फिरवलं.

"झाला बंद तुझा फुगा," ते नातीला म्हणाले. "तुझ्या बापाला गाडी उडवता येते, पण एक बटण बंद करता येत नाही."

फुगा म्हणजे एअरबॅग. मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आली, त्यानंतर पहिल्याच रविवारी जावयाने ते समजावून सांगितलं होतं. धडक बसली की समोरून फुगा फुटून बाहेर येतो. मोठ्या माणसाला तो वाचवतो, पण समोर अशी उलटी खुर्ची असेल तर तिच्यावरच आदळतो, आणि मग बाळाचं काही खरं नाही. मागे सीट असती तर बाळ मागेच ठेवलं असतं. या गाडीला मागे सीटच नाही, म्हणून तो फुगा बंदच ठेवायचा. काकांनी ऐकून घेतलं होतं, पण दोन माणसांची गाडी घेणारा माणूस तिसऱ्याची काळजी कितपत घेणार, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. ही गाडी लग्नाआधीची होती आणि जावयाचा तिच्यावर भारी जीव होता.

काकांचा उभा जन्म विजेच्या तारांत गेला होता. कारखान्यातले पॅनेल, बिल्डिंगमधले मीटर, शेजाऱ्यांचे गीझर. दिवा जळतोय म्हणजे लाइन जिवंत, दिवा विझला की हात घाल. या एका नियमावर त्यांची दहाही बोटं शाबूत राहिली होती, आणि लोकांना ते ती दाखवतही असत.

जावई बाटली घेऊन धावत आला. "बसवलंत ना नीट?"

"एकदम फिट. तुम्ही आपले समोर बघून चालवा."

गाडी गेली. काका जिना चढून वर आले, ते मोठा गड जिंकल्याच्या थाटात. मुलगी नातीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आज मी नसतो ना, तर पंचाईत होती," ते म्हणाले. "तुझा नवरा फुगा चालूच ठेवून निघाला होता. पिवळा दिवा ढणढण जळतोय. मी विझवला."

मुलीचे हात थांबले. "कोणता दिवा?"

"तो समोरचा. खाच फिरवली टेस्टरने आणि दिला बंद करून."

"बाबा, तो दिवा जळतो म्हणजे फुगा बंद असतो."

"काहीतरीच काय? बंद असताना दिवा कशाला जळेल?"

"बंद आहे हे कळावं म्हणून जळतो तो! बाबा, तुम्ही फुगा चालू केलात."

काका खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीच त्यांच्याखाली आली.

मुलगी फोन लावत होती. रिंग वाजत होती आणि वाजून थांबत होती. पोरगी गाडीत असताना फोन उचलायचा नाही, ही अट तिनेच घातली होती, वकिलासमोर आणि चांगली ठणकावून. इतर कुठलीही गोष्ट त्या माणसाने कधी धड ऐकली नव्हती. ही मात्र तो निष्ठेने पाळत होता. तिने मेसेज टाकला, पुन्हा फोन केला, पुन्हा मेसेज टाकला. तो बहिणीकडे निघाला होता, पलीकडच्या गावाला, हायवेने. बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, अजून पोचले नाहीत, का गं, काय झालं?

"काही नाही, आला की लगेच फोन करायला सांगा," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवून रडायला लागली.

काकांना काहीतरी करायचं होतं. रिक्षाने मागे जावं का? ती गाडी कुठल्या कुठे गेली असेल. पोलिसांना सांगावं का? काय सांगणार, की बाप आपल्या मुलीला घेऊन नीट गाडी चालवत चालला आहे? घरात काही जळलं, फ्यूज उडाला, तर दहा मिनिटांत ठिकाणावर आणणारा हा माणूस खोलीतल्या खोलीत येरझारा घालत राहिला. मग उगीचच त्यांनी भिंतीतल्या प्लगमध्ये टेस्टर घातला. टेस्टरमधला दिवा इमानदारीने पेटला. त्यांनी तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा पेटला.

शेवटी ते खाली गेले आणि गाडी जिथे उभी होती तिथे जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहून काय होणार होतं? पण वर मुलीसमोर बसवत नव्हतं. नातीची केसांची पिन फूटपाथवर पडली होती, ती उचलून त्यांनी मुठीत धरली. कुणी बापलेक मजेत आइसक्रीम खात गेले. दर गाडीच्या हॉर्नला काका मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. जावई बेताने चालवत असू दे, पुढच्याने अचानक ब्रेक मारू नये, कुणी आडवं येऊ नये, असं ते कुणाला तरी सांगत होते. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बाबा!" खिडकीतून हाक आली. ते धापा टाकत वर पोचले, तेव्हा मुलीने फोन स्पीकरवर टाकला होता.

"अगं झालं काय? एवढे मिस्ड कॉल?" जावयाचा आवाज.

"ती कशी आहे?"

"झोपलीये. आत्ताच पोचलो."

"गाडीत बस, चावी फिरव आणि फुग्याचा दिवा बघ."

दार उघडल्याचा आवाज आला. मग चावी फिरल्याचा.

"विझलाय," जावई म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "असा कसा... मी दर वेळी बघतो गं. आज बाटलीच्या गडबडीत... माझ्याच हातून चालू राहिला असेल. मी सगळा हायवे असाच... देवा!" तो रडत होता.

काका पुढे झाले. मुलीने त्यांचं मनगट धरलं आणि नकारार्थी मान हलवली. ती काय म्हणते आहे ते त्यांना कळलं. पोर कुणाकडे राहणार याचा निकाल अजून लागायचा होता. इकडून कुणी एक शब्द न बोलता सगळं जावयाच्या अंगावर जात होतं, आणि तो ते आपणहून घेत होता.

"जावईबापू," काका म्हणाले, "ती खाच मी फिरवली. मला वाटलं, दिवा विझला की बंद."

मुलीने मनगट सोडून दिलं.

"आता फिरवतो," जावई म्हणाला. "लागला दिवा. संध्याकाळी सावकाश येतो."

संध्याकाळी तो आला, झोपलेली नात त्याने आईच्या खांद्यावर दिली आणि काकांना एवढंच म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत." चार शब्द सुनावले असते तर काकांना जास्त बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी खाली हॉर्न वाजला. काका सकाळपासून तयार होते, या वेळी चष्माही लावला होता. नातीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले.

"बाबा, तुम्ही वरच थांबा," मुलगी हळूच म्हणाली. "मी बसवते तिला."

"बाटली तरी आणून देतो की."

"घेतलीये मी."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर भांडता आलं असतं. आईच्या खांद्यावरून नातीने जिन्याच्या वळणापर्यंत आजोबांकडे हात पसरले होते.

काका खिडकीपाशी गेले. मुलगी गाडीत वाकली होती, जावई दुसऱ्या बाजूने वाकला होता. दोघांची डोकी बराच वेळ आत होती. मग दारं लागली.

वरून गाडीचं नुसतं छप्पर दिसत होतं. चष्मा पुसून लावला तरी तेवढंच. "जळत असेल," काका स्वतःशीच म्हणाले, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.