ब्रेकवरचं पाऊल

तिला वाटलं होतं, बोनेट उघडलं की ब्रेकचा पंप बंद पडल्याचं कारण हाताशी येईल: पाणी मुरून काळं पडलेलं ब्रेक ऑइल, नाहीतर मिस्त्रीने बसवलेला नकली पंप. कुठलीही वस्तू उगाच झिजत नाही, हे दूरदेशी यंत्रं शिकताना तिने श्रद्धेसारखं मनाशी धरलं होतं, आणि बाबांच्या गाडीपासून सुरुवात करून गल्लीतली प्रत्येक गाडी अंदाजाने नव्हे, मोजून दुरुस्त करायची या हट्टाने ती परतली होती. सापडलं ते वेगळंच. ऑइल मधासारखं स्वच्छ, नळ्या कोरड्या, पंप अस्सल. फक्त ब्रेक दाबला की फिरणाऱ्या त्याच्या मोटरमधले कार्बनचे ठोकळे घासून नखाएवढे उरले होते. असा पंप आठ-दहा वर्षं आरामात चालतो. हा मागच्याच उन्हाळ्यात बसवलेला होता.

"बाबा, तुम्ही ब्रेक फार मारता."

"मी? मी पाय लावतो तो फक्त शाळेच्या दारात. पोरं मला विमानवाले काका म्हणतात." टेकडीपलीकडच्या शाळेत मुलं पोचवणं हाच बाबांचा धंदा होता. "घ्या, इंजिनिअरीणबाईंनी आल्या आल्या आरोपी पकडला."

नवा पंप बसवून ती त्यांच्याबरोबर टेकडीवर गेली. बाबा खोटं बोलत नव्हते. प्रत्येक वळणाआधी त्यांचा पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि तरी बोनेटखाली पंप घुमायचा, गाडी किंचित थबकायची, जणू कुणी मागून पदर धरला. तिने सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. पंप घुमतच राहिला.

घरी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची. दुखण्यात तिची वाचा गेली होती. पूर्वी ती गाडीत बाबांच्या शेजारी बसायची आणि वळण आलं की रिकाम्या जागी पाय दाबायची, "तुला वेगळा ब्रेक बसवून घेऊ का?" असं म्हणून बाबा हसायचे. आता ती सवय तेवढी उरली होती. मधूनच तिचं उजवं पाऊल फरशीवर ताणलं जाई, घोट्यापर्यंत थरथरे, मग सुटे. तिथल्या फरशीची झिलई केव्हाच गेली होती. डॉक्टरांनी पेटक्यांवर गोळ्या दिल्या होत्या, पण आई तोंड घट्ट मिटून घ्यायची आणि बाबा आग्रह करत नसत.

एका सकाळी ती आईला चहा पाजत होती. अंगणात गाडी सुरू होती, बाबा बाहेर उभे राहून काच पुसत होते आणि गाडीत कुणीच नव्हतं. आईचं पाऊल दाबलं गेलं. गाडीचे मागचे दिवे लाल झाले, पंप घुमला. पाऊल सुटलं, दिवे विझले.

ती हसली. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही. मग एक थांबवून पाहायची. शिवाय गोळी आईच्याच भल्याची होती. आईच्या पुढ्यात बसून, लहान मुलाची काढावी तशी समजूत काढत तिने ती भरवली. आई तिच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने पाऊल कापसासारखं सैल पडलं.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. "शाबास गं पोरी. आज पंपाने हूं की चूं केलं नाही."

"मग जेवत का नाही?"

"जेवतो की." त्यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. "शेवटच्या वळणावर जरा उशीर झाला. कठड्याला घासली. पोरांना गंमत वाटली."

तिने अंगणात जाऊन पाहिलं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत पत्रा सोलून निघाला होता. तिने ब्रेक तपासले, पुन्हा तपासले. दोष कुठेच नव्हता, आणि तसं तिने बाबांना सांगितलंही.

सकाळी तिने उरलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या. पण आईचं पाऊल अजून सैलच होतं. उचलून ठेवलं की तसंच पडून राहायचं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, आज जाऊ नका."

"का? ब्रेक बिघडलेत?"

"नाही."

"मग? काल तूच म्हणालीस ना, उत्तम आहेत. पोरं दारात उभी असतील." बाबा चावी फिरवत निघाले. "आज सावकाश नेतो, झालं?"

गाडी फाटकाबाहेर पडली आणि नेहमीसारखीच गुरगुरत लांब गेली. शिकलेलं सगळं तिच्या डोक्यात एकदम बोलायला लागलं, आणि ते बोलत असतानाच तिने ठरवलं. स्टूल ओढून ती आईच्या शेजारी बसली, चप्पल काढली आणि आईचं पाऊल हलकेच बाजूला करून त्या जागी आपलं ठेवलं. आईने हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ दोघी रस्त्याकडे पाहत राहिल्या.

मग आईची बोटं गुडघ्यात रुतली. तिने आपला पाय दाबला, आणि फरशी ब्रेकच्या पेडलसारखी खाली गेली.