तोमिएच्या नावाचा डबा

कुरोमाता गावात आता बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत, आणि सगळी म्हातारी. नवरा गेल्यावर मी हट्टाने दुकान चालवून पाहिलं, पण घाट चढून माल आणून द्यायला कुणी तयार होईना. शेवटी शटर ओढलं. दारासमोर जिथे लाकडी बाकडं होतं, तिथे एका कंपनीने पैसे टाकले की गरम पेयांचे डबे देणारं मशीन आणून उभं केलं. मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहते, त्यामुळे त्याची घरघर दिवसभर माझ्या कानाशी असते.

गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. कमरेइतक्या बर्फात उभं राहून हातात गरमागरम डबा यावा, हे सुख काही थोडं नाही. ते कधी बंद नसतं, कधी चिडत नाही. मी चिडायचे. कुणी भरदुपारी साके, म्हणजे तांदळाची दारू, मागितली की मी त्याच्याकडे नुसती बघायचे, आणि तो मान खाली घालून टोफू घेऊन जायचा. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या मुलाची नोकरी सुटली, सगळ्याची मला चौकशी. मशीन काही विचारत नाही. माझ्या तोंडाच्या तडाख्यातून सुटलो म्हणून लोक खूश होते, हे मला कळत होतं आणि झोंबतही होतं.

मशीनमध्ये माल भरायला इगाराशी यायचा. चाळिशीचा गडी, बोलायला मोकळा.

“आजी, पुढच्या वर्षी यात भात मिळेल, मासा मिळेल, गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा मिळतील.”

“आणि तू काय करशील?”

“मी कशाला लागतोय? तोवर माल भरायलाही मशीनच येईल. मी इथे तुमच्या बाकड्यावर बसून बघत राहीन.”

“बाकडं तुम्हीच उचलून नेलंत, मेल्यांनो.”

तो हसला. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग कार्डं आली. प्रत्येक म्हाताऱ्याला त्याच्या नावाचं एक. कार्ड टेकवलं की मशीन बाईच्या गोड आवाजात म्हणायचं, “तोमिए-सान, सुप्रभात. आज थंडी आहे, जपा,” डबा धपकन खाली पडायचा आणि शहरातल्या मुलाच्या फोनवर निरोप जायचा : आईने डबा घेतला, आई ठीक आहे. दोन दिवस कार्ड टेकलं नाही तर मात्र धोक्याचा निरोप जायचा. आमच्या गावात देवळातली घंटा वाजवून सगळे एकच मागतात, पोरांना आपला त्रास नको. त्यामुळे ही सोय सगळ्यांना फार पसंत पडली. ओसाकात बसून आईकडे बघायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, असं मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

तोमिए माझी लहानपणापासूनची मैत्रीण. गावाच्या वरच्या टोकाला एकटी राहायची. बर्फ पडायला लागला आणि तिचे गुडघे उतरणीला नाही म्हणाले, तेव्हा तिने कार्ड माझ्या हातात दिलं. मी रोज सकाळी ते टेकवायचे आणि लाल चवळीच्या गोड पेजेचा गरम डबा पोटाशी धरून तिच्याकडे चढून जायचे. तिच्या मुलाला, शिगेरुला, हे माहीत होतं. “तोमिएकाकी” असं मला कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं, इतकं आमचं एक होतं.

डिसेंबरात मी तापाने पडले. कार्ड टेकलं नाही आणि धोक्याचा निरोप गेला. शिगेरु आपल्या साहेबांसमोर चाललेली मीटिंग सोडून बाहेर आला आणि फोनवर फोन करत सुटला. तोमिए धडधाकट होती. तिने फोनपुढे कमरेत वाकून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “आई, माझी सगळ्यांसमोर किती शोभा झाली.” ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही.

जानेवारीत तिला खोकला लागला. पावलं सुजली. पेजेचे दोन घोट घेऊन डबा बाजूला ठेवायची.

“अगं, शिगेरुला कळव,” मी म्हणाले.

“कशाला? पुन्हा त्याची शोभा करू?”

“मी कळवते मग.”

“किनुयो, तू त्याला एका शब्दानेही सांगायचं नाहीस. वचन दे. तो येईल आणि मला शहरातल्या त्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत नेऊन ठेवील. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे.”

“खिडकीला काय चाटायचंय? जीव वाचेल ना!”

“वचन दे.”

मी दिलं. मग दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. संध्याकाळी मला वाट सुचली. एका शब्दाने सांगायचं नाही ना? नाही सांगणार. कार्डच टेकवणार नाही. आमच्याकडे न बोलण्यालाही बोलणंच समजतात. मशीन गप्प बसलं की शिगेरुला कळेल, तो धावत येईल, आणि माझं वचनही मोडणार नाही. मी तिचं कार्ड नवऱ्याच्या तसबिरीमागे ठेवलं आणि कधी नव्हे ती शांत झोपले.

सकाळी मी चूल पेटवत होते. बाहेरून आवाज आला.

“तोमिए-सान, सुप्रभात. आज थंडी आहे, जपा.”

धप्.

मला आधी वाटलं, ही वेडी पाय ओढत खाली आली की काय. धावत बाहेर गेले. कुणी नव्हतं. ताज्या बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. खालच्या खणात डबा होता, इतका गरम की हाताला चटका बसला. मशीन बिघडलं असेल, अशी मनाची समजूत घालून मी डबा तिच्याकडे घेऊन गेले. तिने तो हातात धरला, पण पेज प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाव घेतलं, डबा पडला. त्या दुपारी वादळ आलं.

असं वादळ मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलंय. फोनची तार तुटली. वरची वाट नाहीशी झाली. मी फावडं घेऊन निघाले, छातीइतक्या बर्फात अडकले आणि रडत परत आले. माझ्या खिडकीतून तोमिएच्या घरातला दिवा दिसायचा. तो जळत होता, एवढाच आधार. दिवा दिवसाही जळतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आणि रोज सकाळी, वाऱ्याचा घोंगाट चालू असताना, शटरच्या पलीकडून तो गोड आवाज तिचं नाव घ्यायचा. मी कानांवर हात ठेवायचे. तरी धप् ऐकू यायचं.

वादळ सरलं, सरकारी गाडीने घाटातला बर्फ बाजूला केला आणि तिच्यामागून इगाराशी आला. मशीनच्या खणात डबे एकमेकांवर चढून अडकले होते. मी त्याच्या कोटाला धरलं.

“हे काय आहे? कार्ड माझ्या घरात आहे! हे कुणाला डबे देतंय?”

त्याने आपल्या यादीत पाहिलं. “बिघाड नाही, आजी. ही नवी सोय आहे. त्यांच्या मुलाने घेतलीय, वादळाच्या आदल्या दिवसापासून. कार्ड टेकवायची गरज नाही, ठरल्या वेळी डबा आपोआप पडतो. म्हाताऱ्या माणसांना थंडीत त्रास नको म्हणून.”

“आणि निरोप?”

“तो डबा पडला की जातो.”

“डबा उचलला नाही तरी?”

इगाराशीने यादी मिटून खिशात घातली.

मी त्याचाच फोन घेतला आणि शिगेरुला लावायला सांगितलं. वचन गेलं खड्ड्यात.

“काकू! कशा आहात? वादळ फार झालं म्हणे,” तो म्हणाला. “आई बरी आहे ना? म्हणजे आहेच, आत्ता सकाळीच पेज घेतलीय तिने. तुम्ही नेऊन देता म्हणून मी निर्धास्त असतो.”

“शिगेरु, ते डबे माझ्या हातात आहेत. सगळे. गार पडलेत.”

“मी निघतो,” तो म्हणाला.

इगाराशीने पुढे होऊन बर्फ उपसला, मी मागून गेले. तिचं दार बर्फाच्या भाराने घट्ट बसलं होतं, ते त्याने खांद्याने ढकलून काढलं. तोमिए खाली शेगडी बसवलेल्या बुटक्या टेबलाशी कुशीवर पडली होती, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून. शेगडी विझलेली. दिवा चालू. शेवटचा मी आणलेला डबा तिने दोन्ही हातांत धरला होता, न उघडता. मी तिच्या बोटांतून तो सोडवायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. मी तिथेच बसून मोठ्याने रडले. परक्या पुरुषासमोर मी कधी रडले नव्हते.

शिगेरु आला. माझ्या दारात कपाळ जमिनीला टेकवून म्हणाला, “मला रोज निरोप येत होता, काकू. रोज.” मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा मला तोमिएसारखा दिसला, आणि मी त्याला चहा दिला.

अंत्यविधीच्या सकाळी आम्ही काळे कपडे घालून गाडीची वाट पाहत मशीनजवळ उभे होतो. त्या गडबडीत ती सोय बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“तोमिए-सान, सुप्रभात.”

डबा पडला. शिगेरुच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो काढून पाहिला आणि माझ्याकडे धरला. हसऱ्या आजीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, आई ठीक आहे. त्याने फोन बर्फात भिरकावला.

त्या रात्री माझी मुलगी आकेमी साइतामाहून फोनवर खूप रडली. “आई, तुझंही असं झालं तर? मी नोकरी सोडून येऊ शकत नाही गं. पण मी काहीतरी करते. तू काळजी करू नकोस.” लेक येणार, निदान चार दिवस तरी येणार, असं मी धरून चालले. पाहुण्यांची गादी काढून उन्हात टाकली. मुळ्याचं लोणचं घातलं, तिला आवडतं म्हणून.

आठवडा गेला. एका सकाळी मी चुलीपुढे बसले होते. अंगात पुन्हा कणकण होती. गादी अजून तशीच कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. शटरच्या पलीकडून मशीन बोललं.

“किनुयो-सान, सुप्रभात. आज थंडी आहे, जपा.”

धप्.

माझं कार्ड माझ्या कमरेच्या पिशवीत होतं. मी ते चाचपून पाहिलं. मग भिंत धरून उठले आणि आकेमीला फोन लावला. तिला ओरडून सांगायचं होतं की मी घरात आहे, मी काही घेतलेलं नाही, मला ताप आहे.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. ती कामावर असणार. कशाला उचलेल? मी ठीक आहे, हे तिला आत्ताच कळलं होतं.