मी पॅनल सांभाळलं

मित्रांनो, मला लांबून पाहिलंत तर बैलाचा साज वाटेल. पण मी आहे सेफ्टी बेल्ट, उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा. वय बरंच झालं आहे माझं, आणि आयुष्यात एकच काम केलं. तेही भलत्यासाठी.

कारखान्यात मला घट्ट विणलं, वजन टांगून तपासलं आणि आचोळ्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. तिथे सौरऊर्जेचे तंत्रज्ञ तयार होत. पॅनल कसं बसवायचं, तारा कशा जोडायच्या, ते रॉबर्ट सर शिकवत. पण पहिला धडा माझा असे. मला खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती आवळायचं, माझ्या दोराचा आकडा छपराच्या पक्क्या लोखंडाला अडकवायचा. मग पाय घसरला तरी माणूस लोंबकळतो, खाली पडत नाही.

सुजय त्या वर्गातला सगळ्यांत तरबेज. घरची नारळी-सुपारीची वाडी. नोकरीसाठी रोज मुंबई गाठण्यापेक्षा गावात राहून हातचं कसब कमवावं, एवढीच त्याची इच्छा, आणि त्याची आई प्रमोदिनीताई त्यावर खूश होत्या. तारा जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मला अंगावर घालायचा मात्र त्याला भारी कंटाळा. लहानपणापासून माडावर चढलेला गडी तो, त्याला माझं काय कौतुक?

एकदा तो सरांना म्हणालाच, “सर, आमच्याकडे माडावर कोणी बेल्ट लावून चढत नाय.”

“माड मिठी मारू देतो, सुजय,” सर म्हणाले. “पत्रा नाय देत.”

वर्ग हसला, सुजयही हसला. परीक्षेला मात्र त्याने मला नीट आवळलं, पहिला आला आणि आम्हा दोघांचा फोटो केंद्राच्या भिंतीवर लागला. निरोप देताना सरांनी मला त्याच्याच हवाली केलं. त्या दिवशी मी केवढा फुशारलो होतो! वाटलं, आता या पोराला जन्मभर आपण सांभाळायचं.

कसलं काय. अल्पेश नावाच्या ठेकेदाराकडे सुजयला काम मिळालं आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो. मला घालण्यात वेळ जातो, असं दोघांचंही मत. दुपारी मला खाली अंथरून माझ्यावर बसून ते डबा खात. पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात, ते मला आठवायचं. पण बेल्टाला तोंड कुठे असतं?

मग राजोडीला एका रिसॉर्टचं काम निघालं. हॉलचं उतरतं पत्र्याचं छप्पर आणि समुद्रावरून सुटलेला वारा. आधीच्या कामावर एक पॅनल घसरून फुटलं होतं, त्याची अल्पेशला धास्ती. पहिलं पॅनल वर चढलं तशी त्याची नजर माझ्यावर पडली.

“सुजय, तो बेल्ट पॅनलला लाव,” तो म्हणाला. “मजबूत आहे.”

सुजयने मला पॅनलभोवती आवळलं आणि आकडा लोखंडाला अडकवला, अगदी सरांनी शिकवल्यासारखा. मग पाना घ्यायला तो मागे सरकला. मागे उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा होता, वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ झालेला. पाय पडताच तो फुटला आणि सुजय थेट खालच्या फरशीवर आदळला. त्या हादऱ्याने पॅनल घसरलं, माझा दोर ताणला गेला, आणि मी ते धरून ठेवलं. पॅनलला ओरखडाही आला नाही.

सुजयचा जीव वाचला, पण कंबर कायमची अधू झाली. आता छपरावर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. सगळं शिकून पोरगा खाटेवर बसला. रॉबर्ट सर भेटायला आले तेव्हा मी खुंटीला होतो. हा पट्टा कशाचा, असं प्रमोदिनीताईंनी त्यांना विचारलं. सुजयकडून कळलेलं सगळं सरांनी अडखळत सांगितलं. ताईंनी मला हातात घेऊन दोन्हीकडून ओढून पाहिलं.

“एवढा मजबूत आहे,” त्या म्हणाल्या, “मग माझ्या पोराला का नाय बांधला?”

सुजयने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मित्रांनो, वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. मला तसं जपू नका. मला मळवा, घामाने भिजवा, झिजवून फेकून द्या. पण छपरावर पाय ठेवण्याआधी मला अंगावर घ्या. ताईंचा तो प्रश्न दुसऱ्या कुठल्या आईने विचारलेला मला ऐकवणार नाही.