साकव निळा दिसत होता

मित्रांनो, हजारो माणसांच्या मनात काय चाललंय ते एका नजरेत दाखवणारा सर्वज्ञ पडदा म्हणजे मी! तसा मी एक जुना टीव्ही आहे. माझी उमेदीची वर्षं शहापूरच्या एका सलूनमध्ये गेली. गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीने माझ्याकडे बघत आणि मॅच हरली की शिव्या मलाच घालत.

मग मुरबाडकडच्या एका जत्रेच्या समितीने मला आणून तंबूत टांगलं. माझ्यावर जत्रेचा नकाशा उमटे आणि लोकांचे फोन कुठे कसे चालतात, त्यावरून गर्दीची मनःस्थिती रंगांत दिसे. कुणाचं नाव नाही, बोलणं नाही. भराभर फोटो गेले की हिरवा, म्हणजे आनंद. अर्धवट कॉलचा भडिमार झाला की लाल, म्हणजे घाबरगुंडी. फोन गप्प की निळा, म्हणजे शांतता. मला चालवायला रुपाली होती, उंबरमाळीकडच्या पाड्यावरची.

सकाळी पाळण्यांपाशी मी लालभडक झालो. समितीचे भगीरथकाका शिट्टी फुंकत पळाले आणि जिलेबी खात परत आले.

"कसली घाबरगुंडी गो? पाड्यावरची मानसं जीप भरायला एकमेकांना मिस्ड कॉल देतात! एक रिंग म्हंजे आलू, दोन म्हंजे थांब."

"आमच्यात तसंच असतं काका. माझी आय पन देते."

"मंग तुझा टीवी भित्रा हाय."

तेव्हापासून माझ्या लाल रंगाला कुणी विचारेना. जो तो निळा कुठे आहे ते बघू लागला.

दुपारी बैलबाजार सुटला. ओढ्यावरचा अरुंद साकव हिरव्याचा लाल झाला आणि मग एकदम निळा.

"बघ, कशी शांतता पसरली," काका बशीत चहा ओतत म्हणाले.

रुपाली मात्र स्वतःच्या फोनकडे बघत होती. तिची आई भिमी साकवापलीकडे बांगड्या भरायला गेली होती आणि हरवू नये म्हणून घडीघडी एक रिंग देत होती. त्या रिंगांनी रुपालीला वैताग आणला होता. आता रिंग येईना. तिने उलट फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

"काका, साकव शांत नाय."

"अगो, निळा हाय ना!"

"माझी आय गप बसनारी बाई नाय! तिचा हात फोनपत्तुर जात नसंल!"

चहा बशीतच राहिला. काका धावले. मित्रांनो, माझ्या आत नुसती धडधड चालली होती, पण मी निळाच. बाहेर भोंग्यावर काकांचा आवाज फाटला, "मागच्यांनी मागं सरा! बैल तिकडंच धरा!" गर्दीला वाट करून द्यायला लोकांनी बांबूचं कुंपण कडाकडा मोडलं.

मग साकवावर एक लाल ठिपका उमटला. शेजारी दुसरा. बघता बघता सगळा साकव लाल झाला. रुपालीचा फोन एकदाच वाजून थांबला आणि ती मटकन खाली बसून रडली.

भिमी आली ती एका चपलेने. नव्या बांगड्यांतली एकच मनगटावर उरली होती.

"लोकांची कोपरं बरगडीत, हात वर येईना. आन् तू कशाला गो सारखा फोन लावतीस? बॅटरी खाल्लीस माझी!"

हल्ली मी समितीच्या खोलीत असतो. मित्रांनो, गप्प माणूस सुखात असेल असं धरून चालू नका. जरा विचारपूस करत जा. आणि जमलं तर एक करा. भगीरथकाकांनी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातलाय, तेवढा काढा. निळा आहे.