सकाळचं औषध

पाळणाघरात मोठ्यांसाठी खुर्च्या नसतात. त्या रविवारी अकरा मुलांच्या आया आणि तीन-चार बाप, असे आम्ही गुडघे हनुवटीशी घेऊन पोरांच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर बसलो होतो. इमारतीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त मास्तर, तेवढे स्टुलावर. शेजारी मागच्या गल्लीतल्या मशिदीचे इमामसाहेब. त्यांना मास्तरांनीच बोलावलं होतं, "मनं मोकळी होतील" म्हणून. पाळणाघर चालवणाऱ्या खाला स्वतःच्याच खोलीच्या दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या बहिणीची मुलगी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणे, तिचं ऐकून सगळी मुलं म्हणू लागली, आणि मुलांमागून आम्हीही.

इमारतीच्या मालकीची ही खोली खालांकडे ठेवायची की महिनाअखेर रिकामी करून घ्यायची, ते त्या सभेत ठरणार होतं.

सुरुवात माझ्यापासून झाली होती. मंगळवारी माझी मुलगी दुपारभर, सलग चार तास झोपली. मी आयांच्या ग्रुपवर विचारलं, "तुमची मुलंही एवढी झोपतात का?" संध्याकाळपर्यंत त्याचं 'दुधातून काहीतरी देत असणार' झालं. बुधवारी कुणीतरी लिहिलं, 'त्या लोकांचा काय भरवसा', आणि खाली कुठला कुठला व्हिडिओ. त्याखाली बरेच अंगठे होते. त्यात एक माझा. शनिवारपर्यंत पाच मुलं यायची थांबली.

जे मी लिहिलं नव्हतं ते असं. मंगळवारी सकाळी मुलीचं अंग तापलं होतं. तापातलं मूल खाला घेत नाहीत, आणि माझी रजा संपलेली. मी तिला तापाचं औषध पाजलं, वर सर्दीचंही पाजलं, कपाळ निवेपर्यंत थांबले आणि तिला सोडून ऑफिसला पळाले. चार तास झोपली हे कळल्यावर मी घरी येऊन दोन्ही बाटल्यांवरचं माप पुन्हा वाचलं. औषध जास्त झालं का, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं. विचारलं भलतंच.

"आता गप्प बस," नवरा म्हणाला. "राईचा पर्वत झालाय. तूच खाली सापडशील." मी गप्प बसले. गप्प बसायलाही ताकद लागते, हे त्या आठवड्यात कळलं.

इमामसाहेब चांगलं बोलले. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल, संशयाबद्दल. सगळ्यांनी माना डोलावल्या. बँकेत काम करणारी एकजण म्हणाली, "आमचा कुणाच्या धर्माला विरोध नाही हो. पण शेवटी पोटचं पोर आहे."

"मग मला विचारा ना," खाला म्हणाल्या. "नऊ वर्षं पोरं सांभाळतेय. दुधात काय असतं ते इमामसाहेबांना काय ठाऊक? त्यांना धड चहा करता येत नाही."

"खरं आहे," इमामसाहेब म्हणाले. लोक हसले, खोली जरा सैल झाली.

"बरं, तुम्हालाच विचारते," बँकवाली म्हणाली. "हिची मुलगी चार तास कशी झोपली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. शेजारी बसलेल्या नवऱ्याने ती ओढून काढली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली."

"मी पाजलं होतं," मी म्हणाले. "सकाळी. ताप होता, म्हणून तापाचं आणि सर्दीचं. खालांना सांगितलं नव्हतं."

"अगं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" बँकवाली ओरडली. मग सगळ्याच माझ्यावर तुटून पडल्या. कशी आई आहे, काय शिकलीय, आम्हाला उगाच पापात पाडलं. त्या चिडण्यात सुटकाही होती. दोष द्यायला माणूस मिळाला होता, आणि ग्रुपवर आपण काय काय लिहिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. मास्तरांनी खोली खालांकडेच राहील असं जाहीर केलं. गेलेल्या पाचांपैकी तिघी "आणतो उद्या" म्हणाल्या, दोघी "बघू" म्हणाल्या. बघू म्हणजे काय, ते खालांनाही कळत होतं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या रचायला लागले.

"राहू द्या, मी करते," खाला म्हणाल्या.

"चुकलं माझं, खाला."

"औषध पाजून सोडणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. माझाही हात लागायला हवा होता कपाळाला." त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "पण त्यानंतर चार सकाळी, बाई, रोज 'येते हं खाला' म्हणून गेलात. ग्रुपवर ते सगळं चाललेलं असताना."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. "उद्या आणू का तिला?" एवढंच विचारलं.

"आणा. तिने काय केलंय?"

सोमवारी मुलगी माझं बोट सोडून आत पळाली. खालांनी तिला अलगद थांबवलं. कपाळ, मान, पोट, सगळीकडे हात लावून बघितला.

"आज काही पाजलंय?"

"नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून मुलीला 'आ' करायला लावला आणि तिच्या तोंडाचा वास घेतला.