पात्यांच्या रेषेतली खुर्ची

टर्बाइनची पाती लांबली होती. वर्षानुवर्षं धगीत गरगर फिरून धातू जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा ताणला गेला होता. आणि साहेब म्हणत होते, "टोकं घासा, मापात बसवा. उद्या मशीन सुरू!"

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं वीजघर त्याला टवाळ म्हणायचं. लोकांच्या हातमोज्यांत ग्रीस भरणं हा त्याचा लाडका उद्योग. पण मशीनला लागून असलेल्या पॅनलवर त्याची धाकटी बहीण बसायची, त्यामुळे आज थट्टा सुचत नव्हती.

"साहेब, नखं कापून ताप उतरतो का? पात्यांच्या बुडाशी भेगा पडल्यात. फिरताना एक जरी सुटलं ना, पत्रा फाडून बाहेर येईल."

"मला शिकवू नकोस."

"तुम्हीच तर मला शिकवलंत! तार वाकवून वाकवून तोडून दाखवली होतीत. म्हणालात, धातू असाच थकतो, आणि वर धग असली तर विचारूच नकोस."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "नवी पाती यायला वेळ आहे. वरून फोनवर फोन येतायत. घास म्हटलं ना, घास!"

टवाळनं हात लावला नाही. साहेबांनी दुसऱ्याकडून घासून घेतली.

घरी तो बहिणीला म्हणाला, "उद्या सुट्टी टाक."

"आणि माझ्या जागी कोण बसेल, दादा? दुसऱ्या कुणाची बहीण?"

दातओठ खात असतानाच टवाळला एक खोडी सुचली.

सकाळी मशीन सुरू होताना बघायला हेड ऑफिसच्या मोठ्या बाई आल्या, तेव्हा मशीनला खेटून साहेबांची चामड्याची फिरती खुर्ची मांडलेली होती. बरोब्बर पात्यांच्या रेषेत. खुर्चीच्या हातावर साहेबांचा चहाचा मगसुद्धा.

"या साहेब!" टवाळ म्हणाला. "मशीन पूर्ण वेगात जाईपर्यंत इथंच बसायचं."

लोक फिदीफिदी हसले. साहेबही कसनुसं हसले. "हा आमचा टवाळ म्हणजे..."

"टवाळी गेली खड्ड्यात!" तो असा ओरडला की हसणारे दचकले. "पात्यांवर भरवसा आहे ना? बसा! माझी बहीण इथं रोज बसते. तुम्ही एकदा बसा!"

मोठ्या बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "बसा की. काय झालं?"

साहेबांनी एक पाऊल टाकलं. मशीनच्या पत्र्याकडे पाहिलं. "मला जरा... एक फोन करायचाय," म्हणत ते हळूहळू खांबाआड सरकले.

पॅनलवरची बहीण उठून उभी राहिली. "दादा, मी बटण दाबत नाही."

मोठ्या बाई थंड आवाजात म्हणाल्या, "कुणीच दाबू नका. मशीन उघडा. सगळी पाती बाहेर काढा."

साहेब टवाळजवळून जाताना दातांतल्या दातांत पुटपुटले, "तुझी नोकरी खातो बघ."

टवाळनं खुर्ची धाडकन साहेबांच्या अंगावर ढकलली.

"खा. पण आधी ही उचला. मी आणली, न्यायची तुम्ही."