कुणी किनुए म्हणेना

मी एक जुनं नाव आहे, मित्रांनो. किनुए. एकदा मोठ्याने म्हणा बघू.

म्हटलंत? तेवढ्यापुरती मी होते. आता नाही.

घड्याळ बंद पडलं तरी भिंतीवर लटकतं. छत्री मोडली तरी कोपऱ्यात उभी राहते. माझं तसं नाही. कुणी हाक मारली की मी जागी होते, हाक विरली की विझते. कुणी माझ्याविषयी नुसतं बोललं तर अर्धवट जाग येते, तेवढीच. म्हणून माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांची आहे. तुकडे मी आहे तसेच ठेवते.

*"किनुए!"*

ही हाक पहिल्यांदा जपानमधल्या एका गावात, तुतीच्या मळ्यात उमटली. तिथे घरोघरी रेशमाचे किडे पाळत. एका बापाने लेकीसाठी मला दोन अक्षरांत लिहिलं. एक रेशमाचं, एक फांदीचं. ती मुलगी मोठी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्यामागे समुद्र ओलांडून, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या पलाउच्या बेटांवर आली. नवरा मासे वाळवण्याच्या कारखान्यात कामाला होता.

शेजारी इलोंग राहायची. इथलीच, पोटुशी. कळा आल्या तेव्हा तिला घट्ट धरायला एक हात हवा होता. तो या जपानी शेजारणीचा मिळाला. मुलगी झाली. इलोंगने तिचं नाव किनुए ठेवलं.

मला कसं लिहायचं, ते कुणी विचारलं नाही. रेशीम गेलं, फांदी गेली. उरला तो आवाज.

*"किनुए, मागे ये!"*

मग युद्ध आलं. विमानं येऊ लागली तशी माणसं रानात लपली. पाणथळ शेतातले अळवाचे कंद, एवढंच अन्न होतं. तेही उपाशी शिपाई उपटून न्यायचे.

एक जपानी शिपाई इलोंगच्या शेतात उतरला. मुलगी बांधावरच उभी होती. इलोंग झाडामागून जिवाच्या आकांताने ओरडली, "किनुए! किनुए, मागे ये!"

शिपाई थबकला. कंद हातात धरून तसाच चिखलात उभा राहिला. मग मुलीला म्हणाला, "आईला सांग, पुन्हा हाक मार."

इलोंगने भीत भीत पुन्हा हाक मारली. त्याने ऐकली. कंद होता तिथे चिखलात खोचला आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

त्याच्या घरी कोण किनुए होती, ते गावाला कधी कळलं नाही. मलाही नाही.

*"कुठली किनुए?"*

त्यानंतर जिला जिला मुलगी झाली, तिने तिने तिचं नाव किनुए ठेवलं. गावच्या बायकांचं ठरलंच होतं, या नावाने शेत राखलं. धक्क्याजवळच्या घरात किनुए, प्रार्थनाघरामागे किनुए. मग ओळखायचं कसं? डावरी किनुए. धक्क्यावरची किनुए. दातांची किनुए. सुपारीला चुना जास्त लावणारी किनुए.

एकदा प्रार्थना चालू असताना वारा सुटला. पाद्रीबाबा म्हणाले, "किनुए, दार लाव." चौघी उठल्या.

"अगं, एकीनेच लावा," पाद्रीबाबा म्हणाले. "दार एकच आहे."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. सकाळपासून मला उसंत नसे.

*"ए किनुए! हरलेल्यांचं नाव!"*

ही हाक नव्या शाळेतल्या पोराची. जपान युद्ध हरला होता, राज्य अमेरिकेचं झालं होतं, पुस्तकं बदलली होती. दातांची किनुए ग्वामला गेली, तिथे तिचं नाव ‘केली’ झालं. दुसरी हवाईला गेली, क्रिस्टीना झाली. बाळांची नावं टीव्हीतून यायला लागली. त्या पोराखेरीज कुणी माझा राग केला नाही. नुसता विसर पडला. काही किनुए वारल्या. त्यांच्या थडग्यांवर मी कोरलेली आहे, पण दगडावरून कुणी हाक मारत नाही.

शेवटी दोघी उरल्या. डावरी आणि धक्क्यावरची.

*"किनुए! आहेस की मेलीस?"*

दोघींची अळवाची शेतं लागून होती. मध्ये एक बांध. सकाळी डावरी आधी ओरडायची.

"किनुए! आहेस की मेलीस?"

"आहे गं, आहे. तुझ्याआधी जायची नाही मी."

"मग सुपारी दे."

"काल दिली ती?"

"ती काल खाल्ली."

"तोंड आहे की खलबत्ता, किनुए?"

बाकी सगळ्यांसाठी त्या केव्हाच आई, मामी, आजी होऊन बसल्या होत्या. म्हाताऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं आमच्याकडे उद्धटपणा. त्यामुळे जगात मला हाका मारणाऱ्या दोघीच राहिल्या, आणि त्या एकमेकींना मारायच्या.

मागच्या वर्षी डावरीला ताप आला. ती गेली.

*(     )*

इथे हाक नाही.

*(     )*

इथेही नाही.

अर्धवट जागेत ऐकलं ते एवढंच. धक्क्यावरची किनुए रडली नाही. पुरायला गेली, परत आली, ओसरीवर बसली. शेतात गेली नाही. पुढ्यात ताट ठेवलं तर खायची. उचललं तर बघायची नाही. शेतात गवत माजलं. तिचं तिला काही नव्हतं. माझंही मला काही वाटलं नाही. वाटायला आधी कुणी हाक मारावी लागते.

"किनुएवहिनीला उठवायला हवं," तिची धाकटी नणंद दिलमेई शेजारणीला म्हणाली. "नाहीतर डावरीच्या मागोमाग जाईल ही."

"पण उठवणार कशी?"

"जोलिन येतेय ना बाळंतपणाला. तिला न्हाऊ हिनेच घालायचं. नात आहे, नाही कसं म्हणेल?"

ती नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. हाताला धरून नेलं तशी गेली.

*"किनुए!"*

पहिलटकरणीला बाळ झाल्यावर इथे पाला घालून उकळलेल्या पाण्याने न्हाऊ घालतात. आधी हळद आणि खोबरेल अंगभर चोळतात, म्हणजे कातडी भाजत नाही. मग न्हाऊ घालणारी ओंजळीने पाणी अंगावर मारते. पाणी किती गरम, हे तिच्या तळहाताने ठरवायचं. तिला सोसलं तर बाळंतिणीला सोसेल.

जोलिन पिवळीधमक होऊन पाटावर बसली. आजीने पातेल्यात हात घातला. ओंजळ भरली, मारली. पुन्हा भरली, मारली. वाफ एवढी की आजीचं तोंड दिसेना.

"आजी, गरम आहे गं."

ओंजळ.

"आजी! ऐकतेस ना?"

ओंजळ.

"अगं आजी, थांब!"

ओंजळ. आणि जोलिन पाटावरून उठून किंचाळली, "किनुए! हात आहेत की लाकडं? मारतेस की काय मला?"

दिलमेईने तोंडावर हात ठेवला. "अगं ए! आजीला नावाने?"

पातेल्यापाशी हात थांबले होते.

"आहे गं, आहे," म्हातारी म्हणाली. "ओरडतेस कशाला सकाळीसकाळी?"

 मग म्हातारीने आपले तळवे वर धरले. लाल झाले होते. बोटांच्या मुळाशी फोड उठत होते. ती त्यांच्याकडे कुणा दुसरीचे असल्यासारखी बघत राहिली.

"आग होतेय," ती म्हणाली.

दिलमेईने तिचे हात गार पाण्यात धरले. तेव्हा कुठे ती रडली. मोठ्याने नाही.

*"किनुए, उठलीस का?"*

जोलिन हळदीने माखून गावासमोर आली, बायका नाचल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. बाळाचं नाव ग्वामच्या सासरच्यांनी मॅडिसन ठेवलं.

"आजी, किनुए ठेवायला हवं होतं का गं?" जोलिनने विचारलं.

"त्या पोरीला काय करायचंय ते? मी अजून आहे. मला मार हाक."

जोलिन परत गेली. आता रोज पहाटे तिचा फोन येतो. दिलमेई कानावर हात ठेवते, पण ऐकते. "किनुए, उठलीस का?" "आहे गं, आहे."

हाताची पट्टी सुटल्यावर म्हातारी शेतात गेली. आपलं गवत काढलं. बांधापलीकडे डावरीच्या शेतातलं गवत कमरेएवढं झालं होतं. बांधावर उभी राहून तिने एकदा हाक मारली, "किनुए!"

मी त्या गवतावरून पलीकडे गेले. कुणी ओ दिली नाही. तिने थोडं थांबून पाहिलं, मग बांध ओलांडून पलीकडे उतरली आणि तिथलंही गवत काढायला लागली.

मित्रांनो, तुमच्या बाळांना माझं नाव द्या, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी खूप म्हातारं माणूस असेल, ज्याला सगळे आजी म्हणतात, आजोबा म्हणतात. त्याचं नाव काय, ते विचारून घ्या. आणि मोठ्यांची बोलणी खावी लागली तर खा, पण एकदा त्या नावाने हाक मारा.

मग थांबा. ओ यायला वेळ लागतो.